यंत्राची धाप

शेजारी, मित्र आणि वीजपुरवठा यांची परीक्षा रिकाम्या वेळी करू नये. रिकाम्या वेळी तिघेही उत्तम असतात. शेजारी हसतमुख असतो, मित्र जिवाला जीव द्यायला तयार असतो, आणि पुरवठ्याच्या दोन टोकांना मीटर लावला तर तो चोख बारा व्होल्ट दाखवतो. पंचाईत होते ती काही मागायला गेल्यावर. पहिल्या दोघांविषयीचे ज्ञान मला संसाराने दिले. तिसऱ्याविषयीचे शाळेतल्या पोरांनी.

मी राहतो भोरला आणि शिकवतो वेल्ह्याच्या बाजूच्या एका शाळेत. विषय मराठी, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझे विज्ञान मॅट्रिकच्या परीक्षेबरोबर संपले. पण आमची काही मुले ओढ्यापलीकडच्या वाडीतून येतात, आणि तोरण्याच्या अंगाला पाऊस लागला म्हणजे तो ओढा काय करील याचा नेम नसतो. संध्याकाळी घोट्याएवढे असलेले पाणी पहाटे छातीला लागते. पोरे दप्तर डोक्यावर घेऊन उतारावर येतात, तेव्हा कुठे ते कळते. म्हणून विज्ञान प्रदर्शनासाठी काय करावे असा विषय निघाला, तेव्हा नववीच्या पोरांनी ठरवले, ओढा चढला की वाडीत भोंगा वाजला पाहिजे.

युक्ती सोपी होती. ओढ्यात एक नळी पुरायची, तिच्यात दोन सळ्या. पाणी दोन्ही सळ्यांना शिवले की विजेची वाट पुरी होते. ती खूण ओळखायला आर्डुइनो नावाची तळहाताएवढी पाटी. २००५ साली इटलीतल्या इव्ह्रेआ गावी ती शिकणाऱ्या मुलांसाठीच जन्माला आली. पाटीने हुकूम करायचा, रिलेने ‘टक्’ करून तो पाळायचा आणि मोटारसायकलच्या हॉर्नने ओरडायचे. भोंग्याऐवजी इवलासा दिवा लावून बादलीत प्रयोग केला; दिवा झकास लागला. मग हॉर्न जोडला. तो एकदाच ‘पोंक’ म्हणाला आणि गप्प झाला. दोन क्षणांनी पुन्हा ‘पोंक’, पुन्हा गप्प.

“सर, याला दमा झालाय!” एक पोरगा म्हणाला, आणि वर्ग हसला.

पुढचे आठ दिवस निदान चालले. कुणी म्हणाला प्रोग्राम चुकला. तो तीनदा नव्याने लिहिला. कुणी सळ्यांवर गंज पाहिला. त्या घासून लख्ख झाल्या. कुणी पुण्याच्या तपकीर गल्लीतून नवा रिले मागवला. दमा तसाच. शेवटी एका मुलीने काहीच न बदलता हॉर्नची तार तेवढी सोडवली आणि कान लावून बसली. रिले ‘टक्’ करून चिकटला तो सुटेचना. “सर, हुकूम बरोबर आहे. ओरडायला लागलं की सगळं कोलमडतंय,” ती म्हणाली. दुरुस्तीतले हे पहिले शहाणपण. संशय सगळ्यांवर घ्यावा, पण एकेकाला वेगळे काढून.

तो संसार पिशवीत घालून मुले माझ्याबरोबर भोरला आली. आमच्या बाजारपेठेत रेडिओ दुरुस्त करण्यात केस पांढरे केलेला एक कारागीर आहे. त्याने मुलांचा अडॅप्टर हातात घेतला. त्यावर लिहिले होते, १२ व्होल्ट, १ अँपिअर. मीटर लावला, बरोबर बारा. मुलांचे चेहरे उजळले. मग त्याने फळीवरून जीपचा ब्रेकचा बल्ब काढला, २१ वॅटचा, आणि त्याच टोकांना जोडला. बल्ब मिणमिणला, विझला, पुन्हा मिणमिणला. मीटरचा आकडा उतारावरून घसरावा तसा घसरला.

“बिनभाराचा आकडा खरा धरायचा नसतो, पोरांनो,” तो म्हणाला.

हिशेब तोंडी होता. २१ भागिले १२, म्हणजे पावणेदोन अँपिअर. अडॅप्टरची ऐपत एकाची, आणि हॉर्नची भूक बल्बाहून मोठी. भार सोसेना की अडॅप्टर जीव वाचवण्यासाठी हात आखडता घेई. तेवढ्यात पाटीचेही अन्न तुटे आणि तिला घेरी येई. हॉर्न थांबे, भार उतरे, दाब परत येई. पाटी डोळे उघडून पाही तो पाणी आहेच! पुन्हा हुकूम, पुन्हा घेरी. बिचारे यंत्र आपल्याच आरोळीने बेशुद्ध पडत होते.

हे दुखणे जुने आहे. विजेच्या नियमाला ज्याचे नाव आहे तो गेओर्ग ओम कुलुपे करणाऱ्याचा मुलगा आणि पेशाने कोलोन शहरातला शाळामास्तर. वेगवेगळ्या लांबीच्या तारांतून किती वीज जाते हे तो मोजत होता. पण त्याच्या वेळचे विद्युत्घट तार जोडली की ढिले पडत आणि आकडे डुगडुगत. पोगेनडॉर्फ नावाच्या संपादकाने त्याला सुचवले, की घट सोडून तांबे आणि बिस्मथ यांचा सांधा वापर. ओमने एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. दाब स्थिर झाला आणि नियम हाती आला. तो १८२७ साली ग्रंथात छापला गेला. पुष्कळ उपेक्षेनंतर १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिले. म्हणजे ओमच्या नियमाआधीसुद्धा पुरवठ्याची दुरुस्ती करावी लागली. एका मास्तराला हे वाचून किती आनंद झाला, ते काय सांगू!

कारागिराच्या सांगण्यावरून तीन अँपिअरचा अडॅप्टर आला. पाटीजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसला. क्षणभर पाणी तुटले तर रांजणातले वापरावे, तसा त्याचा उपयोग. रिलेचे वेटोळे सुटताना उलटा झटका देते, म्हणून त्याच्यावर डायोड आडवा टाकला. भोरमध्ये हॉर्न असा वाजला की शेजारचे दुकानदार बाहेर आले.

वाडीत मात्र तो मांजरासारखा बोलला. अडॅप्टर आणि पाटी ओढ्याकडच्या गोठ्यात होती, हॉर्न ३० मीटरवर घराच्या आढ्याला. त्या मुलीने वहीच्या पाठीमागे मांडले: जाऊन-येऊन तार ६० मीटर, जाडी अर्धा चौरस मिलिमीटर, विरोध सुमारे दोन ओहम, दोन अँपिअर गेले की चार व्होल्ट वाटेतच खर्ची. बारातले आठ उरले. भाटघरचे धरण १९२८ सालचे, त्याच्या पायथ्याशी वीज तयार होते, आणि तरीही डोंगरातल्या लांब तारेच्या टोकाला संध्याकाळी पंखा का रेंगाळतो, ते त्या दिवशी पोरांना फळ्याशिवाय समजले. पाटी आणि पुरवठा मग हॉर्नच्या शेजारी नेला. लांब तारेवर उरली फक्त सळ्यांची खूण, अँपिअरच्या काही हजारांशांची. निरोपाला अरुंद वाट चालते; ओझ्याला चालत नाही.

सगळे जमले, टाळ्या झाल्या. तेव्हा उंबऱ्यावर बसलेली एक म्हातारी म्हणाली, “गुरुजी, लाईट गेल्यावर बी बोंबलंल का ह्ये?”

कुणी बोलेना. ओढा चढतो त्या रात्री वीज आधी जाते, हे वाडीतल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. मोठ्या अडॅप्टरने भोरचा भार पेलला होता. आषाढाचा भार अजून कुणी टाकलाच नव्हता. वाडीने वर्गणी काढली. सात अँपिअर-तासांची बॅटरी आणि ती भरती ठेवणारा चार्जर आला. म्हातारीनेच नेम घालून दिला. दर शनिवारी मेन स्विच पाडायचा आणि हॉर्न मिनिटभर वाजवायचा. कानावर हात ठेवून का होईना, पण वाजवायचा.

कादंबरीकार म्हणून मला हा नेम फार पटला. पात्राचे दहा पाने वर्णन केले तरी ते कसे आहे हे कळत नाही. त्याच्यावर भार टाकावा लागतो.

यंदा श्रावणात एका पहाटे हॉर्न वाजला. वीज अर्थातच गेलेली होती. मी शाळेत पोचलो तेव्हा वाडीची सातही मुले वर्गात नव्हती. ओढा दुपारी उतरला. हजेरीपटावर मी सात गैरहजेऱ्या ओळीने मांडल्या. इतक्या आनंदाने मी कधी कुणाला गैरहजर लावलेले नाही.