शिगेचे माप, सपाट माप

नाताळ जवळ आला की आमच्या घरी एक वाद हमखास निघतो: केकचा मैदा मापून घ्यावा की तोलून? आमचे माहेर पेणचे, सासर रोह्याचे. दोन्ही गावे भाताच्या मुलखातली. चार शेरांची पायली हे तेथल्या जुन्या माणसांना पाढ्यासारखे पाठ. मात्र ‘शेर’ हा शब्द दोन कामे करी. धान्य भरण्याचा शेर निराळा आणि तराजूतला ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा शेर निराळा. मापाने शेरभर पोहे आणि शेरभर तांदूळ सारखेच. तराजूत घातले तर पोहे कुठल्या कुठे हलके. १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजने आली आणि दुकानातला हिशेब किलोवर गेला. स्वयंपाकघरातला पेला मात्र जागचा हलला नाही.

पिठाची गोष्ट तर तांदळाहूनही नाजूक. कारण पीठ हवा धरून ठेवते. २४० मिलिलिटरचा पेला चमच्याने हलक्या हाताने भरून वरून सुरी फिरवली, तर मैदा १२० ते १२५ ग्रॅम भरतो. तोच पेला डब्यात खुपसून काढला, तर १४० ते १५०. चार पेल्यांच्या केकमध्ये १०० ग्रॅमचा फरक सहज पडतो. केक कोरडा आणि घट्ट होतो. लोणी, अंडी, सुका मेवा सारे वाया जाते. त्याच पेल्यात साखर सुमारे २०० ग्रॅम, तर पाणी २४० ग्रॅम. म्हणून एकच कोष्टक सर्व जिनसांना लावता येत नाही. अमेरिकेत फॅनी फार्मर यांनी १८९६ च्या आपल्या पाकपुस्तकात सपाट मापाचा आग्रह धरला, तो उगीच नव्हे.

आमच्या सासूबाईंचा हात मात्र सपाट मापाचा नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात दाबून, हलवून भरलेल्या मापाचा उल्लेख आहे. त्यांचा हात त्याच शिकवणीत घडलेला. शेजारणीचे उसने पीठ परत करताना वाटीला शीग असायचीच. त्यांच्या केकच्या वहीत एवढेच लिहिलेले: ‘मैदा ३ पेले’. पेला पितळी, त्यावर आकडा नाही. सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आहे आणि मुंबईच्या सुना आता कृती मागतात.

गेल्या आगमनकाळात आम्ही एक छोटा काटा आणला. प्रथम पेल्यात पाणी भरून तोलले. पेल्याचे वजन वजा जाता २४० ग्रॅम भरले. मग सासूबाईंनी नेहमीच्या पद्धतीने तीनदा मैदा भरला: १४८, १५२, १५० ग्रॅम. तीन पेल्यांचे ४५० झाले. छापील कोष्टकावर विसंबलो असतो, तर ३६० वरच थांबलो असतो आणि केक कुणा परक्याचा झाला असता.

वाचकहो, आपल्याही घरी असा पेला असेल. तो भरणारा हात सोबत आहे, तोवरच तोलून घ्यावे.

वहीत आम्ही ‘मैदा ४५० ग्रॅम’ असे लिहिले. सासूबाईंनी वाचून पाहिले आणि खाली आणखी एक ओळ लिहायला लावली: ‘हे केकपुरते. उसने परत करताना शीग ठेवावी.’