मान वर करून

भोगीच्या आदल्या दिवशी मंडईत जायचं, हा आमच्या घरचा नेम. आजी शनिवार पेठेतून चालत जायची, आई रिक्षाने जायची, आणि मी आता भुयारातून जाते. 2024च्या सप्टेंबरात मेट्रो जमिनीखालून स्वारगेटला पोचली आणि मंडईला स्वतःचं स्टेशन मिळालं. खाली सगळं गुळगुळीत, गार, बिनवासाचं. सरकत्या जिन्यावरून वर येऊ लागलं की नाकाला आधी कळतं. मेथी, ओला हरभरा, पेरू, आणि मधूनच कुठेतरी सडका कोबी. (मंडईच्या वासाचं कौतुक करताना सडका कोबी वगळणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही.)

बाहेर संक्रांतीची दाटी असते. सुगडांच्या उतरंडी, उसाची कांडकी, बोरांचे वाटे, हळदीकुंकवाच्या पुड्या. तिळाच्या वड्या आणि काटेरी हलवा विकणारे फुटपाथवरच मांडून बसलेले. यातलं बरंचसं आत न जाताही मिळतं, आणि पुष्कळ जण बाहेरूनच परत जातात. मी आत जाते. कारण सांगायचं तर जरा विचित्र आहे. मला भाजी मान वर करून घ्यायला आवडते.

ज्यांनी महात्मा फुले मंडई आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. मध्ये अष्टकोनी दगडी मनोरा आणि त्याच्यापासून चहूकडे निघालेल्या पाखा. छप्पर इतकं उंच की खालचा गलका वर जाऊन विरतो आणि कबुतरांच्या फडफडीत मिसळून परत येतो. आणि गाळा म्हणजे इथे दुकानाची खोली नव्हे. गाळा म्हणजे उंच ओटा. ओट्यावर उतरती रचलेली भाजी, आणि त्या उतरणीच्या माथ्यावर, पोत्याची घडी टाकून, मांडी घालून बसलेला विकणारा. बहुतेक वेळा विकणारी. आपण खाली उभे. भाव विचारायचा तर मान वर, पैसे द्यायचे तर हात वर. वरून ती पिशवी देते, ती आपण दोन्ही हातांनी झेलतो. देवळात तीर्थ घेताना होतं तसंच काहीसं होतं, फक्त इथे भटजीपेक्षा मावशी जास्त बोलतात.

रस्त्यावर भाजी घेताना याच्या उलट असतं. बाई जमिनीवर बसलेली, आपण उभे. आपली सावली तिच्या पालकावर पडलेली. अशा वेळी ‘काय हो, वीस रुपये? पंधराला द्या’ हे वाक्य किती सहज तोंडातून जातं! तेच वाक्य मान वर करून म्हणून पाहा. घशातच थोडं वाकडं होतं. मंडईत घासाघीस होत नाही असं नाही, भरपूर होते, पण ती खालून वर होते. आणि वरून जे उत्तर येतं ते वरूनच आलेलं असतं. पुण्यात कुणाची जीभ तिखट असली की त्याला मंडई विद्यापीठाचा पदवीधर म्हणतात. त्या विद्यापीठात व्यासपीठ कुणाकडे आहे हे ओटे पाहिल्यावर कळतं.

लहानपणी मी या मंडईत एकदा हरवले होते. सात-आठ वर्षांची असेन. आजीने लिंबं निवडायला माझा हात सोडला आणि मी पेरूंच्या मागे गेले. परत वळले तर सगळीकडे सारखंच. मध्ये मनोरा, भोवती पाखा. जिकडून आत शिरावं तिकडून तेच खांब, तेच ओटे, तीच कबुतरं. मी मनोऱ्याभोवती किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. शेवटी कुणा मावशीने वरूनच ओरडून विचारलं, “कुणाची गं तू?” आणि उत्तराची वाट न पाहता मला काखेत धरून वर ओढून घेतलं, ढिगाच्या मागे बसवलं. “बस हितं. शोधणारा खालनंच जाईल.” हातात एक गाजर दिलं.

तिथून मी पहिल्यांदा मंडई वरून पाहिली. माणसं दिसतच नव्हती, नुसते भांग, टकली, टोप्या, अंबाडे आणि पिशव्या. चेहरा दिसायचा तो फक्त समोर येऊन थांबणाऱ्याचा, कारण तो मान वर करायचा. बऱ्याच वेळाने आजीचा पांढरा अंबाडा दिसला. मी हाक मारली नाही, गाजर संपायचं होतं.

घरी आल्यावर आजीने बोलणी घातली नाहीत. तिने मला रस्ता शिकवला. डोळ्यांनी शोधायचं नाही, म्हणाली, नाकाने चाल. आल्या-लिंबाचा वास आला की आपलं दार जवळ. पुढे गाळे बदलले, वास जागचे हलले, पण मी अजूनही आत शिरले की क्षणभर थांबून एक श्वास घेते.

या इमारतीची एक गोष्ट पुणेकर वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत आले आहेत, ती मला कधी शिळी वाटत नाही. पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मैदानात, उघड्यावर भरायचा. नगरपालिकेने मोठी बांधीव मंडई उभारायचं ठरवलं. त्या सुमारास, 1876 ते 1882 या काळात, जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद होते. त्यांनी विरोध केला. एवढा पैसा इमारतीवर ओतण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. ते ऐकलं गेलं नाही. 1886 साली इमारत तयार झाली आणि तिला गव्हर्नरांचं नाव मिळालं, रे मार्केट. पुढे कितीतरी वर्षांनी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने रे साहेब गेले आणि जिला विरोध केला त्याच इमारतीवर फुल्यांचं नाव आलं.

लोक ही गोष्ट सांगतात आणि हसतात. मीही हसत असे. आता वाटतं, फुल्यांचं बरोबर होतं, आणि तरी इमारत झाली हेही बरं झालं. ज्या माणसाने ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो माळ्याच्या घरातला. पाटी डोक्यावर घेऊन शहरात आलेल्या माणसाला शहर कुठून बघतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याच्या नावाच्या छपराखाली पिकवणाऱ्यांच्या लेकी-सुना उंचावर बसतात आणि पेठांमधली आम्ही माणसं खाली उभी राहून ‘मावशी, जरा बघता का इकडे’ म्हणतो, हे त्याला आवडलं असतं असं मला उगाच वाटतं. ओटे उंच का केले याचं कारण कदाचित एवढंच असेल की झाडलोट सोपी जावी.

यंदा माझ्या नेहमीच्या मावशी मेथी निवडत बसल्या होत्या. मोठ्या गड्डीच्या छोट्या जुड्या करायच्या, पिवळी पानं काढायची, मुळं एका रेषेत ठोकायची आणि सोपटाने बांधायची. केळीच्या वाळक्या सोपटाची एक चिंधी दातात धरलेली, डाव्या हाताच्या मुठीत जुडी, उजव्या हाताने दोन वेढे, पीळ, आणि टोक आत खोचलं. गाठ नाही. सगळं मिळून तीन-चार सेकंद. शेजारी ओलं पोतं, त्याखाली बांधून झालेल्या जुड्या झाकलेल्या. काट्याच्या दांड्याला क्यूआर कोडचा पुठ्ठा लटकवलेला आणि त्यावर पाण्याचे शिंतोडे. तरी नाणी अजून मांडीखालच्या पोत्यातच जातात.

“भोगीची द्या मावशी. चौघांची.”

एवढं पुरतं. पुढचं त्या करतात. पावटा, घेवडा, ओला हरभरा, गाजर, वांगी, थोडे वाटाणे, चाकवताची जुडी. कशाचं किती हे मला अजून येत नाही. ऐंशी वर्षं जगून आजीला ते प्रमाण तोंडपाठ झालं होतं. माझ्याकडे ते मावशींच्या हातात ठेवलेलं आहे. वांगी घेताना त्यांनी एक उचललं, देठाकडे अंगठा दाबला, बाजूला टाकलं. दुसरं घेतलं. मी विचारलं, पहिल्याला काय झालं?

“किडकं हाय. बाहीरनं कळत न्हाई.”

“मग तुम्हाला कसं कळलं?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पाकीट उघडलं.

वर कढीपत्त्याची काडी टाकली. ही ‘वर’ची काडी मागायची नसते. मागितली तर मिळते, पण मग ती विकत घेतल्यासारखी वाटते. पैसे फोनने द्यायला गेले तर मावशी म्हणाल्या, “रोख द्या ताई, भवानी हाय.” सकाळचे साडेदहा वाजले होते. साडेदहापर्यंत भवानी नाही, तीही भोगीच्या तोंडावर, हे खरं की माझ्याकडून रोख काढायची युक्ती, मला ठरवता येईना. दोनशेची नोट मी वर केली. त्यांनी ती आधी कपाळाला लावली, मग मांडीखाली सारली. युक्ती असेल तर कपाळापर्यंत जाणार नाही, अशी मी माझी समजूत घातली.

शेजारचा ओटा रिकामा होता. तिथे एक मांजर झोपलं होतं आणि कुणाच्या तरी रिकाम्या क्रेट्स रचल्या होत्या. घाऊक बाजार केव्हाच गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. किरकोळ गिऱ्हाईक आता हातातल्या फोनवर आहे, भाजी दहा मिनिटांत दारात येते, देठ खुडलेली, धुतलेली. मीही मागवते, खोटं का बोलू. त्या भाजीत किडकं वांगं क्वचितच निघतं. पण तिथे मला कुणी ‘कुणाची गं तू’ म्हणून विचारत नाही, आणि मी मान खाली घालून, स्क्रीनकडे बघत, भेंडी विकत घेते.

मावशींची सून कधीमधी त्यांच्या जागी बसते. ती फार बोलत नाही, भाव एकदाच सांगते. मेथी मात्र तशीच बांधते, सोपट दातात धरून. तिच्या मुलीला या धंद्यात बसवायचं नाही, असं मावशी मागे म्हणाल्या होत्या. मुलगी कॉलेजात आहे. हे सांगताना त्या पहिल्यांदाच ओट्यावरून जरा पुढे वाकल्या, आवाज उतरवला, जणू भाजी ऐकेल.

निघताना मी पिशवी पुन्हा लावली. आजीचा क्रम होता: तळाला कांदे-बटाटे, मग गाजरं, वांगी, मग शेंगा, त्यावर टोमॅटो. मी घाईत तो दर वर्षी चुकते आणि दर वर्षी दाराशी थांबून सगळं बाहेर काढते. येणाजाणाऱ्यांना अडचण होते, कुणीतरी ‘ओ काकू’ म्हणतं.

तुम्ही जाणार असाल तर सकाळीच जा. सुटे पैसे असू द्या, कापडी पिशव्या दोन न्या. आणि कोथिंबीर सगळ्यात शेवटी घ्या, नाहीतर खाली दबते.