निद्रिस्त व्हीनस

पॉल देल्वो (१८९७–१९९४) या बेल्जियन चित्रकाराच्या रात्री अंधाऱ्या नसतात. तरुणपणी वास्तुकला शिकलेल्या या माणसाच्या स्वप्नातली देवळेही मोजूनमापून बांधल्यासारखी रेखीव असतात. ‘निद्रिस्त व्हीनस’ हे चित्र त्याने १९४४ साली काढले. ब्रुसेल्स तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होते आणि शहरावर बॉम्ब पडत होते. चांदण्यात एक विवस्त्र स्त्री शांत झोपली आहे. जवळच एक सांगाडा उभा आहे, आणि मागे काही स्त्रिया हात उंचावून आकांत करीत आहेत.

ही निद्रा आली कुठून? ब्रुसेल्सच्या जत्रेतील स्पिट्झनर संग्रहालयात देल्वोने मेणाची एक निजलेली स्त्री पाहिली होती. यंत्राच्या साहाय्याने तिची छाती श्वास घेतल्यासारखी वरखाली होई. जिवंतपणाचा हा देखावा त्याच्या मनातून कधी गेला नाही.

ही पुरुषाच्या नजरेने निजवलेली स्त्री आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही चित्र मला सोडत नाही. आजारी आईच्या उशाशी रात्री काढताना, तिला झोप लागली की सुटकेऐवजी भीतीच वाटे. मी तिचा श्वास मोजत बसे. म्हणून माझी नजर व्हीनसवर ठरत नाही, ती मागच्या स्त्रियांकडे जाते. त्या जाग्या आहेत. ज्या रात्री झोपणेच अशक्य, त्या रात्रीची खरी साक्ष त्यांच्याजवळ आहे.