हेदवीची बामणघळ

रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागरच्या दक्षिणेला हेदवी नावाचे गाव आहे. मुंबईकर मंडळी बहुधा तिथल्या दशभुज गणपतीच्या देवळासाठी जातात. आम्ही गेलो ते समुद्र ऐकायला. किनाऱ्यावर काळ्या कातळात एक अरुंद, खोल चीर आहे. तिला बामणघळ म्हणतात. नावामागच्या कथा भेटेल तो निराळी सांगतो. त्यांत आम्हाला रस नव्हता.

ओहोटीला गेलात तर निराश व्हाल. तळाशी थोडे पाणी डुचमळत असते, एवढेच. भरती चढू लागली की आवाज आधी पायांना कळतो. आमच्याबरोबरचे एक गिरणी कामगार म्हणाले, "साचेखात्यात शिरताना असंच अंगात यायचं." मग लाट घळीत घुसते. पुढे वाट नाही, मागून दुसरी लाट रेटते, आत हवा कोंडते. ती सुटताना तोफेसारखा धमाका होतो आणि पाण्याचा खांब माणसाच्या कितीतरी वर उडतो. मुले टाळ्या वाजवतात. मोठ्यांनी मात्र हिशेब करावा. एक घनमीटर समुद्राचे पाणी सुमारे १,०२५ किलो भरते, म्हणजे पन्नास किलोची वीस पोती. एका लाटेत असे किती घनमीटर येत असतील!

हा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो थिजताना त्याला भेगा पडल्या. लाट त्या भेगांत हवा कोंबते आणि सोडते. रोज, रात्रंदिवस. एवढ्याने दगड ढिला होतो. मग माणसाचे काय?

भरतीची वेळ काढायला कोळी बांधवांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. पुन्हा साधारण साडेबारा तासांनी. हा अदमास झाला, नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात पाहावी. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, जोर कमी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. आपल्या घरांतून पौर्णिमेला वंदना झाली की मुलांना घेऊन बाहेर पडण्याची पद्धत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. नेमका तोच दिवस समुद्राच्या जोराचा असतो.

कातळ ओला दिसतो तिथवर पाणी येऊन गेलेले आहे, हे ओळखावे. कोरड्यावरच उभे राहावे. फोटोसाठी समुद्राकडे पाठ करू नये, कारण दहा लहान लाटांनंतर अकरावी मोठी येऊ शकते. कोणी पडलेच तर मागोमाग उडी टाकू नका. दोर, रिकामा डबा, जे तरंगेल ते फेका आणि ११२ ला फोन लावा. घळीच्या कडा उभ्या आहेत, पोहणाराही तिथे हतबल होतो. पावसाळ्यात तर लांबूनच ऐकावे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद असते.

जायला चिपळूणहून गुहागरची एस.टी. मिळते. तिथून हेदवीच्या गाडीची चौकशी करावी, आणि उतरतानाच परतीची वेळ कंडक्टरला विचारून ठेवावी.