दुसरा तांब्या



ज्येष्ठ महिना जवळ आला की माझ्या घरी एक प्रश्न ठरलेला असतो. कोणी तरी तरुण वारकरी येतो, पाया पडतो आणि विचारतो, "महाराज, यंदा पायी निघतोय. बरोबर काय काय घेऊ?" पंचाहत्तरी ओलांडली, गुडघे गेले, आवाज बसला. कीर्तनाला उभे राहणे बंद होऊन सहा वर्षे झाली. तरी हा प्रश्न माझ्याकडे येतो, कारण आमच्या बालाघाटाच्या डोंगरांत मी चाळीसएक वर्षे पायी हिंडलो आहे. मी त्याला सांगतो, "टाळ घे, पंचा घे, आणि पाण्याचे दोन तांबे घे." तो हसतो. म्हणतो, "महाराज, आता बाटल्या आल्या." बाटल्या तर बाटल्या, पण दोन घे. दोन कशासाठी, हे मात्र मी आजवर कोणाला सांगितले नाही. आज आपल्याला सांगतो.

आमचा बीड जिल्हा आपण पाहिला असेलच. वारकऱ्याला तो चुकत नाही. पैठणहून नाथमहाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते आणि रायमोहा, पारगाव घुमरे करीत आमच्या डोंगरातून खाली खर्ड्याकडे उतरते. आदिशक्ती मुक्ताईंची पालखी गेवराई-बीडवरून जाते. शेगावहून गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईवरून येते. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांची आहे. मांजरा आणि सिंदफणा या दोन्ही नद्या आमच्या पाटोदा तालुक्याच्या डोंगरात उगम पावतात. एवढे सगळे असून उन्हाळ्यात आमच्याकडे घोटभर पाण्यासाठी माणूस मैलभर चालतो. नद्यांचे माहेर असलेला मुलूख तहानलेला, अशी आमची गत.

त्या काळी कीर्तनकाराला गाडी पाठवायची पद्धत नव्हती. एका गावचा सप्ताह संपला की पडशी खांद्याला आणि पायवाट धरायची. या वाटेने काय काय केले म्हणून सांगू! एकदा पहिल्या पावसात काळ्या रानातून चाललो होतो. चिखलाने दोन्ही वहाणा ओढून घेतल्या. एक सापडली, एक अजून त्या रानातच आहे. त्या रात्री अनवाणी उभा राहिलो तर यजमान म्हणाले, "महाराजांचे वैराग्य पाहा." एकदा देवळाच्या ओवरीत झोपलो, पहाटे फेटा झटकला तर त्यातून विंचू पडला. एकदा अंधारात वाट चुकून भलत्याच गावात शिरलो. तिथेही सप्ताह चालू होता. लोकांनी पुढे येऊन माझे पाय धुतले, गळ्यात हार घातला, आणि तेवढ्यात वेशीतून त्यांचे खरे महाराज आले. मी हार काढून त्यांच्या गळ्यात घातला आणि टाळ घेऊन मागे उभा राहिलो. सराट्यांनी पाय फोडले, बाभळीने धोतर फाडले, धनगराच्या कुत्र्यांनी दोनदा झाडावर चढवले. नायगावच्या रानात, जिथे पुढे १९९४ साली मोरांचे अभयारण्य झाले, तिथे तिन्हीसांजेला मोराचे ओरडणे ऐकून कोणी बाई हाका मारते आहे असे वाटले आणि मी अर्धा कोस उलटा गेलो. हे सगळे मी कीर्तनात सांगत असे. लोक हसत, मलाही सांगायला बरे वाटे. ज्यात आपण थोडे वेडे ठरतो ते सांगायला सोपे असते. ज्यात आपण लहान ठरतो ते जिभेवर येत नाही.

वैशाख महिना, शके १८९५. म्हणजे १९७३ सालचा उन्हाळा. बहात्तरच्या दुष्काळाचा सगळ्यात कठीण काळ तो. विहिरी तळाला गेलेल्या, जनावरे कवडीमोल विकलेली. गावोगाव दुष्काळी कामे निघाली होती. कुठे पाझर तलाव, कुठे रस्ता, कुठे खडी फोडणे. मजुरांना सुकडी मिळे, घरी लाल मिलोची भाकरी. तरीही काही गावांनी सप्ताह मोडले नव्हते. पंगत नाही, नुसते पिठले-भाकरी, पण वीणा खाली ठेवायची नाही, असा त्यांचा निर्धार.

मी चोवीस वर्षांचा होतो. आळंदीला जोग महाराजांच्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे काढून नुकताच परतलो होतो. ज्ञानेश्वरी पाठ, गाथा पाठ, आवाज चढा. माझ्याबरोबर मृदंगाला एक काका असत. पन्नाशीच्या पुढचे, बोलणे अगदी थोडे. माझ्या वडिलांच्या वयाचे असून मला "महाराज" म्हणत आणि आधी पाया पडत. मला त्याचे काही वाटत नसे. वाटायला हवे होते.

एका गावचा काला झाला. दुपारी जेवून निघालो, कारण रात्री चार कोसांवरच्या गावात कीर्तन होते. काका म्हणाले, "महाराज, ऊन उतरू द्या. न्हाईतर गाडीवाटंनं जाऊ, वाटंत एक हीर हाय." मी म्हणालो, "डोंगरातून पायवाट आहे, मी पाहिली आहे. माथ्यावर एक मोठा लिंब दिसतो, तो धरून गेले की झाले." काका काही बोलले नाहीत. मृदंग गोधडीत गुंडाळून खांद्याला मारला आणि चालू लागले.

तो लिंब काही दिसेना. एक टेकडी झाली, दुसरी झाली. ओढे सगळे कोरडे आणि सगळे सारखे. फार उशिरा कळले की ज्याला मी खुणेचे झाड म्हणत होतो, ते गुरांना पाला हवा म्हणून लोकांनी पार बुंध्यापर्यंत सवळून टाकले होते. आम्ही त्याच्या शेजारून गेलो असू. दुष्काळाने वाटेची खूणही खाल्ली होती.

माझ्याजवळ फिरकीचा तांब्या होता, भरलेला. काकांच्या खांद्यावर मृदंग, डोक्यावर माझी पोथ्यांची पडशी. चालता चालता ते म्हणाले, "महाराज, घोटभर पाणी द्या जी."

माउली, मी काय म्हणालो ते जसेच्या तसे लिहितो. मी म्हणालो, "काका, जरा दमाने घ्या. रात्री कीर्तन आहे, माझा गळा राहिला पाहिजे. गाव आता आलेच."

ते म्हणाले, "बरं." पुन्हा मागितले नाही. मी मात्र मधूनमधून घोट घेत होतो. गळ्यासाठी.

तासाभराने मागे पाहिले तर ते झोकांड्या देत होते. अंगाला घाम नव्हता, कातडी तापलेल्या तव्यासारखी. तोंडाने काही पुटपुटत होते. जवळ जाऊन ऐकले तर मृदंगाचे बोल. एका हिवराच्या तुटपुंज्या सावलीत ते बसले ते कलंडलेच. आता मी तांब्या उघडला. तळाला ओंजळभर पाणी होते. ते त्यांच्या तोंडाला लावले, निम्मे गळून गेले.

तेवढ्यात दूरवर टक्-टक् असा आवाज आला. खडी फोडण्याचा. मी ओरडत पळालो. पाचसहा बाया हातोडे टाकून आल्या. त्यांतल्या एका वयस्कर बाईच्या डोक्यावर घागर होती. त्या सगळ्यांचे दिवसभराचे पाणी होते ते. तिने काकांच्या कपाळाला हात लावला. "आगं माय, ह्येला ऊन लागलंय." पदर भिजवून त्यांच्या मानेवर, काखेत ठेवला. सदरा काढायला लावला. दुसरीने सुपाने वारा घातला. ते डोळे उघडेपर्यंत तिने तोंडात पाणी घालू दिले नाही, मग थेंबथेंब पाजले. घागर रिकामी झाली. कोणी कोणाचे गाव विचारले नाही, जात विचारली नाही. मी म्हणालो, "बाई, तुम्हाला पाणी?" ती म्हणाली, "बघू की." आणि परत खडी फोडायला गेली. त्या कामावरच्या बैलगाडीतून आम्ही दिवेलागणीला गावात पोहोचलो.

काका वाचले. पण हात थरथरत होते, मृदंग वाजवणे शक्य नव्हते. गावातला एक मुलगा वाजवायला बसला. डाव्या पुडीला लावायला कणीक हवी म्हणून त्याने काकांची झोळी उघडली. आत पिठाची पुरचुंडी निघाली आणि तिच्याशेजारी बुचाची एक छोटी बाटली, पाण्याने भरलेली. कणीक भिजवायचे पाणी. त्या दिवशी गावात पाणी मिळेल न मिळेल म्हणून सकाळीच भरून घेतलेले. डोंगरात जीव जायची वेळ आली तरी काकांनी त्या बाटलीला हात लावला नव्हता. ते पाणी कीर्तनाचे होते.

आणि आता सगळ्यात अवघड गोष्ट. त्या रात्री माझा दृष्टांत आधीच ठरलेला होता. नाथमहाराज काशीची गंगा कावडीने रामेश्वराला नेत आहेत, वाटेत वाळवंटात गाढव तहानेने तडफडते आहे, आणि नाथ ती गंगा त्याच्या तोंडात ओततात. मी तो दृष्टांत सांगितला. टाळला नाही, स्वतःचे पाप बोललो नाही. गळा छान लागला होता, त्याची मी काळजी घेतलेलीच होती. लोक रडले. दुष्काळातले लोक ते, तहान म्हणजे काय ते त्यांना शिकवायला नको होते. काका टाळकऱ्यांच्या मागे डोक्याला ओला पंचा बांधून बसले होते. कीर्तन संपल्यावर नेहमीप्रमाणे पाया पडले आणि म्हणाले, "महाराज, आज दृष्टांत लई ग्वाड झाला."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सुटलो असतो. पुढे अकरा वर्षे ते माझ्याबरोबर होते. त्या दुपारविषयी त्यांनी एक शब्द काढला नाही, आणि मीही काढला नाही. ते वारले तेव्हा मी परगावी सप्ताहात होतो. क्षमा मागायची राहून गेली.

दुसऱ्याच वर्षी मी आणखी एक तांब्या घेतला. तो माझा नाही, एवढाच नियम. वाटेत जो मागेल त्याचा, आणि न मागणाऱ्याचा आधी. मागायला संकोच करणारे माणूस आपल्या दिंडीत नेहमी असते, आणि बहुधा त्याच्याच खांद्यावर आपले ओझे असते. वारीत दरवर्षी तो तांब्या रिकामा झाला. एवढ्याने त्या दुपारची फेड झाली असे मी म्हणत नाही. फेड होत नसते, सवय तेवढी बदलते.

म्हणून माउली, मराठवाड्यातून निघणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. मृग लागला तरी आमच्याकडचे ऊन सरलेले नसते. पहाटे चाला, दुपारी झाड धरा. तहान लागायची वाट न पाहता थोडेथोडे पाणी प्या, बरोबर मीठ-साखर ठेवा. शेजारचा वारकरी असंबद्ध बोलू लागला, घाम थांबून अंग तापले, तर ते भजनातले भान हरपणे समजू नका. त्याला सावलीत घ्या, मान आणि काखा ओल्या करा, वारा घाला, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, आणि १०८ ला फोन करून दवाखान्यात न्या. जवळचा रस्ता कोणी सांगितला तर आधी पाणी कोणत्या रस्त्याला आहे ते विचारा. आणि दिंडीतला म्हातारा माणूस "ऊन उतरू द्या" म्हणाला, तर आपले पाठांतर बाजूला ठेवून त्याचे ऐका.

नाथांची गोष्ट मी हजार वेळा सांगितली असेल. ती करून दाखवताना मात्र एकदाच पाहिली. खडी फोडणाऱ्या त्या बाईचे नाव मला माहीत नाही. आपण पंढरीला पोहोचलात की वाळवंटात जो कोणी तहानलेला दिसेल त्याला माझ्या वतीने ओंजळभर पाणी द्या. तेवढे काकांच्या चरणी पोहोचेल.

रामकृष्णहरी.