शस्त्राविना

‘शस्त्रक्रिया’ हा शब्द आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की, त्यातले शस्त्र जाणवेनासे होते. कोलकात्याच्या इतिहासात मात्र ते लखलखीत दिसते. १८३६ साली येथील मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त यांनी मानवी शवाचे विच्छेदन केले. आयुर्वेदाच्या परंपरेतून आलेल्या या वैद्याने हाती सुरी घेतली आणि शवस्पर्शाच्या निषेधाला तडा गेला. देह उघडल्यावाचून देह उमगत नाही, हे आधुनिक वैद्यकाचे सूत्र या शहराने असे स्वीकारले.

याच शहरातील माझे एक ज्येष्ठ बंगाली स्नेही, साहित्याचे निवृत्त प्राध्यापक, अलीकडे हृदयाच्या महाधमनी-झडपेच्या विकाराने आजारी झाले. पाकळ्यांवर कॅल्शियम साचून झडप आखडली होती. चार पायऱ्या चढतानाही धाप लागे. छाती उघडू देण्यास त्यांचे मन तयार नव्हते. ‘‘ध्वनिलहरींनी ही झडप मोकळी करता येते म्हणतात. आपण काही वाचले आहे का?’’ त्यांनी विचारले. या प्रश्नामागे एक आशा उभी होती. म्हणून शब्द तोलूनच उत्तर देणे भाग होते.

भिंगाने सूर्यकिरण एका बिंदूवर एकवटावेत, तशा छातीवर ठेवलेल्या उपकरणातून निघणाऱ्या श्राव्यातीत ध्वनिलहरी झडपेवर केंद्रित केल्या जातात. त्यांच्या क्षणार्धाहूनही अल्प स्पंदांनी तेथे सूक्ष्म बुडबुडे निर्माण होतात व फुटतात. त्या आघातांनी ताठर पाकळ्या काहीशा नरम पडतात. त्वचेला छेद जात नाही. फ्रान्स, नेदरलँड्स आणि सर्बिया येथील ४० रुग्णांवर झालेल्या अशा उपचारांचा वृत्तांत २०२३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. झडप बदलण्यास अपात्र ठरलेले, अतिशय गंभीर अवस्थेतील हे रुग्ण होते. सहा महिन्यांनी झडपेचे द्वार सरासरी सुमारे १० टक्क्यांनी रुंदावलेले आढळले. वाट किंचित मोकळी झाली. झडप नवी झाली नाही. छाती न उघडता रक्तवाहिनीतून नवी झडप बसवण्याची पद्धत मात्र २००२ पासून वापरात आली आहे. हे सारे मी त्यांना सांगितले.

सांगताना बहुबाजारातील विज्ञानसंस्था आठवली. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापिलेल्या या संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन यांनी मृदंग-तबल्याच्या नादाचा शोध घेतला. पुडीच्या मध्यभागी दिलेल्या शाईच्या थरामुळे तिची कंपने परस्परांशी स्वरमेळ साधतात, हे १९२० मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह मांडले. तेथे कातड्यावरचा थर नाद घडवतो. येथे नादाने पाकळीवरच्या थराची पकड सैल करायची आहे.

उपमा मोहक आहे. पण रुग्णाच्या उशाशी उपमेने मर्यादा ओळखावी. ‘शस्त्राविना’ म्हणजे ‘जोखमीविना’ नव्हे आणि ‘सुधारणा’ म्हणजे ‘मुक्तता’ नव्हे. समीक्षेत असा अर्थभेद निसटला तर एखादा लेख बिघडतो. येथे एखाद्याचा उरलेला काळ हातून निसटू शकतो. स्नेह्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी रक्तवाहिनीच्या मार्गाविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलायचे ठरवले.