चीर पडण्याआधी

थिएटर सिस्टर म्हणून नोकरीत असताना नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: "सिस्टर, अँटिबायोटिक भारीतलं देताय ना?" त्यांना काळजी ऑपरेशननंतरच्या दिवसांची, आमची धावपळ मात्र चीर पडण्याआधीची. सेफाझोलिन या अँटिबायोटिकचा डोस भूल देण्याच्या सुमारास शिरेत गेला, तरच चाकू लागतो तेव्हा औषध त्या जागी पोचलेलं असतं. ऑपरेशन चार तासांपुढे लांबलं तर मध्येच दुसरा डोस. स्वच्छ ऑपरेशननंतर गोळ्या लांबवत बसण्यात अर्थ नाही. "तुमचे डॉक्टर औषधात कंजुषी करतात," असं एकानं मला तोंडावर ऐकवलं होतं!

खरा झगडा झाला तो वस्तऱ्यावरून. आमच्या वॉर्डातल्या मामांचा हात भलता सफाईदार. आदल्या रात्री ब्लेड फिरवून पेशंटचं पोट गुळगुळीत करायचं, ही त्यांची शान. पण ब्लेडनं कातडीवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि रात्रभरात त्यांत जंतू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 मध्ये स्पष्टच सांगितलं, की केस शक्यतो काढूच नका, काढायचेच तर क्लिपरनं. क्लिपर आला तेव्हा मामा घुश्श्यात. "खुंट राहतात हो, सिस्टर." शेवटी सर्जनसाहेबांनी स्वतः येऊन समजावलं, तेव्हा कुठे ट्रेमधलं ब्लेड गेलं.

वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हची तीच गत. गाऊन भरलेल्या ड्रमवरच्या पट्टीवर काळे पट्टे उमटले की नव्या मुली निर्धास्त. अगं, पट्टी एवढंच सांगते की ड्रम तापला! दिवाळीतल्या एसटीसारखा तो ठासून भरला असेल, तर मधल्या गाऊनपर्यंत वाफ जाणार कशी? ड्रमच्या बाजूची भोकं आत ठेवताना उघडी हवीत, बाहेर काढल्याबरोबर बंद. हे मी दोन्ही वेळा स्वतः हात लावून बघायची. सगळे वैतागायचे, वैतागू देत.

ऑपरेशन ठरलं की घरी ब्लेड लावून 'तयारी' करू नका. साबणानं स्वच्छ अंघोळ करून या, मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा. घरी गेल्यावरही महिनाभर जखमेवर नजर असू द्या. लाली वाढली, पू आला किंवा ताप भरला, तर टाके काढायच्या तारखेपर्यंत थांबू नका, हळद तर मुळीच लावू नका. सरळ दवाखाना गाठा.